अंगण वाकडं होतंच, पण…

खरादी

धागा काढायला कारण परवाचं एक भांडण. मोठं नव्हतं, पण डोक्यातून जात नाहीये.

माझं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क चालतं. दोन लेथ (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवून कापणारी मशीनं), एक मिलिंग, एक ड्रिल. त्यातला एक लेथ वयाने माझ्यापेक्षा मोठा. त्याचा बेड (ज्यावर सगळं सरकतं तो लांब पाया) चकाजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, हातभर घासला गेलाय, कारण वर्षानुवर्षं बारके जॉब चकाजवळच झाले आणि कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) तेवढ्याच पट्ट्यात पुढेमागे पळत राहिलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात शाफ्टची ऑर्डर आली. बेअरिंग सीट (शाफ्टवर बेअरिंग बसतं तो भाग) ५० मिमी, के-६ फिट. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, साइज ५०.००२ ते ५०.०१८ च्या मध्ये हवा. म्हणजे सगळी मिळून १६ मायक्रॉनची जागा. माणसाचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो.

हाताशी एक पोरगा आहे. वर्ष झालं, मेहनती आहे. त्याने बारा शाफ्ट केले, सात गेले. काही अंडरसाइज, काहींना टेपर, म्हणजे एक टोक जाड, एक बारीक. विचारलं तर म्हणाला, "बेड गेलाय. ह्याच्यावर मायक्रॉनचं काम होणारच नाही. सीएनसी घ्या." (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन.) मी तापलो आणि सगळ्यांसमोर 'नाचता येईना अंगण वाकडे' ऐकवलं. तो गप्प बसला. मला रात्री वाईट वाटलं, कारण अंगण वाकडं आहेच की!

दोन दिवसांनी मामा चक्कर टाकायला आले. मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे टर्नर, आता रिटायर्ड. सगळं शॉप त्यांना मामाच म्हणतं. त्यांनी रिजेक्टचा ढीग पाहिला, एक शाफ्ट हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "एक कच्चा जॉब दे बघू."

पुढचा पाऊण तास त्यांनी मशीनच चालू केलं नाही. आधी जॉब उलटा धरला. बेअरिंग सीट चकाकडे येत होती ती टेलस्टॉककडे, म्हणजे जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाकडे घेतली, जिथे बेड अजून शाबूत आहे. मग टेलस्टॉक सेंटरला आहे का ते डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळी गेज) लावून बघितलं. नव्हता, तो सरळ केला. टूल काढून ग्राइंडरवर धार लावली, वर ऑइलस्टोनचे चार हात. मग कंपाऊंड स्लाइड (टूल सरकवणारा, हव्या त्या कोनात फिरणारा छोटा भाग) जवळपास बेडला समांतर करून ५ अंश ४४ मिनिटांवर फिरवली. कोन अंशांच्या रेघांवर नाही लावला, डायल लावून लावला : कंपाऊंड १० मिमी सरकवली की डायल १ मिमी दाखवेपर्यंत. त्यामुळे कंपाऊंडवर ०.१ दिलं की डायमीटर ०.०१ नेच कमी होतो. हँडलवर मोठं अंतर, जॉबवर बारीक. आणि फीड नेहमी एकाच बाजूने, म्हणजे स्क्रूचा बॅकलॅश (आट्यांमधला ढिलेपणा) मध्ये येत नाही.

शेवटचे तीन कट त्यांनी एकसारख्या खोलीचे घेतले. मी म्हटलं, आधी जास्त काढून मग बारीक घ्या की. म्हणाले, "कट बदलला की टूल वेगळं वाकतं. शेवटचा कट किती खाणार हे आधीच्या दोन कटांनी मला सांगितलं पाहिजे."

पोरगा मायक्रोमीटर लावायला पुढे झाला, तर मामांनी त्याचा हात धरला. "गार होऊ दे."

इथे माझी ट्यूब पेटली. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन फुगतं. ५० मिमीचा जॉब ३० अंशांनी तापला असेल तर तो १८ मायक्रॉन मोठा दिसतो. आपली सगळी जागाच १६ ची! पोरगा गरम जॉब मोजत होता, साइज बरोबर दिसला की काढून ठेवत होता, आणि रॅकवर गार होता होता तो अंडरसाइज होत होता. बेडचा यात काडीचाही संबंध नाही.

मामांचा जॉब एका टोकाला ५०.०११, दुसऱ्या टोकाला ५०.००८.

मशीन तेच, टूल तेच, मायक्रोमीटर तोच. माझं मत असं झालंय की साधन, सिस्टीम वगैरे सगळं दुय्यम, हातच खरा. तुमच्या तुमच्या क्षेत्रात काय अनुभव आहे?

---

भटकभवानी

+१. मामांना साष्टांग. "गार होऊ दे" हे मी टीशर्टवर छापून घेणार आहे, ऑफिसातल्या मीटिंगसाठी.

---

मोजपट्टी

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. 'साधन दुय्यम' हे मोजता येतं, आणि एका ठिकाणी ते अगदी स्वच्छ मोजलं गेलंय.

सायकलिंगमध्ये एक तासाचा विक्रम असतो. ट्रॅकवर एकट्याने, एका तासात किती अंतर. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी काढले. मग सायकली बदलत गेल्या. डिस्कची चाकं आली, हँडलबार पुढे गेले, बसण्याच्या पद्धती बदलल्या. १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणून, सुपरमॅनसारखं आडवं होऊन ५६.३७५ किमी मारले. सात किलोमीटरची झेप.

मग सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २००० साली ठरवलं की हे फार झालं, विक्रम मर्क्सच्या काळासारख्या सायकलवरच करायचा. साधी चाकं, साधा हँडलबार. बोर्डमनने त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये तसा प्रयत्न केला. किती? ४९.४४१ किमी. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. तासाभरात दहा मीटर!

आता सांगा. माणूस तोच, बोर्डमन. मधली चार वर्षं वयाची धरा, त्यासाठी हवा तर एखादा किलोमीटर सोडा. उरलेले सहा कुणाचे? सायकलचे आणि बसण्याच्या पद्धतीचे. मर्क्स आणि बोर्डमन यांच्यातला फरक दहा मीटर, दोन सायकलींमधला फरक सात किलोमीटर. आणि मर्क्सला उंचीवरच्या विरळ हवेचा फायदा होता, तोही साधनातच धरा.

---

खरादी

मोजपट्टी, हे माहीत नव्हतं. उत्तर सुचत नाहीये, जरा वेळ द्या.

---

चाकोरीबाहेर

मोजपट्टींनी मधला एक माणूस गाळला. ग्रेम ऑब्री. स्कॉटलंडचा, मागे मोठी टीम नाही, स्पॉन्सर नाही. त्याने सायकल स्वतः बनवली आणि तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं. हात छातीखाली दुमडून बसायची विचित्र पद्धतही त्याचीच. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेत पहिला प्रयत्न फसला. सगळ्यांना वाटलं संपलं. हा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्रॅकवर, आणि ५१.५९६ किमी. नऊ वर्षं टिकलेला इटलीच्या मोझरचा विक्रम गेला. पुढच्या वर्षी संघटनेने ती बसण्याची पद्धतच बंद करून टाकली.

आता हे साधन म्हणायचं की कौशल्य? सायकल त्याच्या डोक्यातून निघाली. मामांनी लावलेला कंपाऊंडचा कोनसुद्धा साधनच आहे ना, पण तो मशीनबरोबर येत नाही, मामांबरोबर येतो.

---

पायपीट

अबेबे बिकिला, १९६०, रोम, अनवाणी मॅरेथॉन, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, सुवर्ण. हे उदाहरण कोणीतरी देणारच म्हणून मीच देतो. पण पुढचं कोणी सांगत नाही. १९६४ मध्ये टोकियोत तोच माणूस बूट घालून धावला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशनला सहा आठवडे पुरते झाले नसताना, आणि तीन मिनिटं आधी आला. पुन्हा सुवर्ण.

दोन्ही बाजूंनी वापरा.

---

निरभ्र

मी हौशी आकाशनिरीक्षक. आमच्यात 'केवढी दुर्बीण आहे?' हा पहिला प्रश्न असतो, आणि मोठी दुर्बीण घेऊन दोन महिन्यांत माळ्यावर टाकणारे निम्मे असतात. त्यामुळे खरादींशी सहमत होण्याचा मोह होतोय. पण युरेनसची गोष्ट दोन्हीकडे चिमटा काढते.

विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार, इंग्लंडमध्ये बाथला ऑर्गन वाजवायचा. १३ मार्च १७८१ ला घरामागच्या बागेतून त्याला एक 'तारा' दिसला जो ताऱ्यासारखा वाटेना. त्याने आयपीस बदलला. २२७ पट होतं ते ४६० केलं, मग ९३२. तारे कितीही मोठं करा, ठिपकेच राहतात. हा मात्र वाढत गेला. म्हणजे त्याला तबकडी आहे. त्याला आधी धूमकेतू वाटला, पुढे ग्रह ठरला.

गंमत अशी की युरेनस त्याच्या आधी लोकांनी पाहिलेला होता! फ्लॅमस्टीडने १६९० मध्येच तो ३४ टॉरी म्हणून ताऱ्यांच्या यादीत चढवला होता. फ्रान्सच्या ल मोनिएने तर अनेकदा नोंदवला, आणि एकदाही त्याला शंका आली नाही. हे सोम्यागोम्या नव्हते, सरकारी वेधशाळांशी संबंध असलेले कसलेले लोक होते. मग हर्शेलची नजर मोठी, असं म्हणून मोकळं व्हायचं का?

नाही, कारण हर्शेलची दुर्बीण त्या काळातल्या बहुतेकांपेक्षा सरस होती. ६.२ इंची आरसा, सात फुटी नळी. फ्लॅमस्टीडच्या यंत्रातून ती तबकडी दिसणं शक्यच नव्हतं. पण तो आरसा हर्शेलने विकत घेतला नव्हता. तांबं आणि कथील ओतून, हाताने घासून केला होता. त्याची बहीण कॅरोलाइन लिहून गेलीय की एकदा एक आरसा पुरा करताना त्याने सोळा तास त्यावरून हात काढला नाही. आरसा शेवटच्या टप्प्यावर असताना मध्येच थांबलं तर आकार बिघडतो, ही भीती आरसा घासणाऱ्यांना आजही असते. मी एक सहा इंची घासलाय. सुट्ट्यांचे पाच महिने गेले, आणि कडेला पालथ्या बशीसारखा उतार आला तो आलाच.

तर, नजर हवी. आणि त्या नजरेला शंका येईल एवढं दाखवणारी काचही हवी. फक्त नजर असलेला माणूस काच कुठून तरी पैदा करतो.

---

भटकभवानी

निरभ्र, तुमचा आरसा घासण्याचा वेगळा धागा येऊ द्या. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

कडेलोट

या सगळ्या गोष्टींत एक घोळ आहे. फाटक्या साधनांनी जिंकलेल्यांच्याच गोष्टी राहतात. फाटक्या साधनांनी हरलेले कौशल्यवान लोक कोण मोजतो? ते इतिहासात 'अनुभव कमी पडला' या सदरात जातात.

विमानांचं उदाहरण देतो, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या नोंदी आहेत. ब्रूस्टर बफेलो नावाचं अमेरिकन लढाऊ विमान. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत मरीन वैमानिक ते घेऊन जपानी झीरो लढाऊ विमानांवर गेले. वीसेक ब्रूस्टरपैकी तेरा परत आली नाहीत. 'उडती शवपेटी' म्हणून विमानाचं नाव बद्दू झालं ते कायमचं. इकडे फिनलंडने याच कंपनीची ४४ विमानं घेतली होती. त्यांच्या एकट्या २४ व्या स्क्वाड्रनने ब्रूस्टरवर साडेचारशेच्या वर सोव्हिएत विमानं पाडल्याचा दावा आहे, आणि हवाई लढाईत स्वतःची विमानं गमावली ती त्या मानाने मूठभर.

झालं, म्हणजे फिनिश वैमानिक भारी? भारी होतेच. मोकळ्या जोड्यांनी उडायची पद्धत त्यांनी युद्धाआधीच बसवली होती. पण बारकाईने पाहिलं तर विमान तेच नव्हतं. मिडवेवरचं मॉडेल नंतरचं, जास्त इंधन आणि चिलखत भरून जड झालेलं. फिनलंडचं आधीचं, हलकं, त्यातूनही जहाजावर उतरायचं सामान काढून टाकलेलं. इंजिन तेल फेकायचं, तेही फिनिश मेकॅनिकांनी प्रत्येक सिलिंडरमधली पिस्टनची एक रिंग उलटी बसवून सरळ केलं. आणि समोरचा शत्रू? मिडवेला समोर तेव्हाचे सगळ्यात तयार जपानी वैमानिक. फिनलंडसमोर १९४१ मध्ये आलेल्यांत कितीतरी अर्धवट प्रशिक्षण झालेले, जुन्या विमानांवरचे.

एका ओळीत 'वैमानिक महत्त्वाचा' म्हटलं की हे सगळं गिळलं जातं. मेकॅनिकसुद्धा.

---

पिक्सेल

फोटोग्राफीवाला म्हणून हजेरी. तीन वर्षांत चार लेन्स घेतल्या. जुन्या किट लेन्सवरचा एक फोटो अजून सगळ्यात बरा आहे. बाकी चर्चेत भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, फक्त मनातलं बोलून टाकलं.

---

चाकोरीबाहेर

पिक्सेल, लेन्स विकायला काढणार असाल तर आधी मला सांगा.

---

डॉ_सावली

मी सोनोग्राफी करते. आमच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की ही तपासणी करणाऱ्यावर अवलंबून आहे. सीटी किंवा एक्स-रे दहा जणांनी काढला तर साधारण सारखा येतो. सोनोग्राफीत प्रोब ज्याच्या हातात, चित्र त्याचं.

साधं उदाहरण. पित्ताशयात काहीतरी पांढरं दिसतंय. खडा आहे की भिंतीला चिकटलेला पॉलिप (मांसल गाठ)? नवीन मुलं लगेच मशीनशी खेळायला लागतात. गेन वाढव, फ्रिक्वेन्सी बदल, झूम कर. 'मॅडम, जुनं मशीन आहे, क्लिअर येत नाही.' मी म्हणते, पेशंटला कुशीवर वळव. वळवलं की खडा घरंगळतो, पॉलिप जागचा हलत नाही. खड्यामागे काळी सावली पडते, तीही बघ. मशीनच्या एकाही बटणाला हात लावायचा नसतो.

इथवर मी खरादींच्या बाजूने. पण मूळ लेखात 'सिस्टीम दुय्यम' असं एक वाक्य ओघात येऊन गेलंय, त्यावर माझा आक्षेप आहे. हात कितीही चांगला असो, हात विसरतो.

३० ऑक्टोबर १९३५. बोइंगच्या नव्या बॉम्बरचं चाचणी उड्डाण, हेच पुढे बी-१७ झालं. चालवणारा अमेरिकन लष्कराच्या चाचणी विभागाचा मुख्य वैमानिक, म्हणजे त्याच्याहून तयार माणूस शोधून सापडला नसता. विमान वर गेलं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. दोघे गेले. कारण काय, तर उभ्या विमानाचे पंखे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात ते लॉक काढायचं राहिलं होतं. (पंखे म्हणजे शेपटीकडचे कंट्रोल. नेमका मराठी शब्द कोणी सांगा.) यानंतर लष्कराने वैमानिकांचं प्रशिक्षण वाढवलं नाही, एक यादी केली. उड्डाणाआधी वाचायची. वैमानिकांच्या चेकलिस्टचं मूळ तिथलं.

तीच गोष्ट ऑपरेशन थिएटरमध्ये २००८ साली आली. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली तर ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. सर्जन तेच, हत्यारं तीच.

---

मोजपट्टी

डॉ. सावली, टाळ्या. संपला की मग वाद. सिस्टीम जिंकली.

---

डॉ_सावली

थांबा हो, घाई काय आहे. कॅनडात ऑन्टारियोमध्ये हीच यादी १०१ हॉस्पिटलांत आली. तिथला अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे फरक पडला असं म्हणताच येत नाही. कारणांवर बरीच भांडणं झाली. पण मी थिएटरमध्ये उभी राहून जे पाहिलंय ते सांगते. यादी दोन प्रकारे भरली जाते. एक, सगळे हातातलं थांबवतात आणि एक जण मोठ्याने वाचतो. दोन, सिस्टर पेशंट आत येण्याआधीच सगळ्या चौकटींत टिक करून ठेवते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पंख्यांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगणाऱ्यांचे आभार, 'सुकाणू' आणि 'उच्चालक' असे दोन शब्द आले. दोन्ही मला बोलता येणार नाहीत.

---

कडेलोट

याला जोडून. जुलै १९८३, कॅनडातलंच बोइंग ७६७. इंधनाचं गेज बंद, म्हणून काठीने मोजून हिशेब केला, आणि हिशेबात किलोच्या जागी पौंडांचा आकडा धरला गेला. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं, ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि पाठोपाठ दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन हौसेने ग्लायडर उडवायचा. त्याने प्रवासी जेट ग्लायडरसारखं तिरकं घसरवत उंची कमी केली आणि गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

पण हिशेब तपासून होकार देणाऱ्यांत कॅप्टनही होताच. कौशल्याने वाचवलं खरं, त्याआधी कौशल्याच्याच डोळ्यांखालून पौंड गेले.

---

तिसरीतार

व्हायोलिन शिकवते. एवढ्या विमानांत माझं छोटं वाद्य.

आमच्याकडे स्ट्रॅडिव्हेरियसचा (तीनेकशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कारागिराने केलेल्या व्हायोलिनांचा) उदो उदो असतो. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत २१ वादकांना जाड गॉगल लावून, अंधूक उजेडात तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिनं दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. बहुतेकांनी घरी न्यायला नवं निवडलं, आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. तेव्हा नावाला भुलू नये हे खरंच.

पण मला वेगळंच सांगायचंय. 'आधी साध्यावर शिक, हात बसला की चांगलं घे' हा सल्ला पालक देतात, आणि मुलं माझ्याकडे एक खोकं घेऊन येतात. खुंट्या घसरतात, दोन मिनिटांत सूर उतरतो. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) इतका सपाट कापलेला की एक तार वाजवायला जावं तर शेजारची वाजते. तारा बोटापासून इतक्या उंच की दाबताना बोट दुखतं आणि सूर चढतो.

माझ्या हातात हे खोकं दिलं तर मी वाजवीन. दुसरी तार लागू नये म्हणून बो कुठे, किती तिरका धरायचा ते मला कळतं. उतरलेला सूर बोट सरकवून भरून काढता येतो. मला अडचण नाही. अडचण त्या आठ वर्षांच्या मुलीला आहे, कारण बेसूर वाजलं की तिला वाटतं आपण चुकलो. ती खुंटीचा दोष बोटांना लावते. कधी उलट होतं, बोट चुकलेलं असतं आणि ती वाद्याकडे बघते. मी घेऊन वाजवून दाखवेपर्यंत तिला दोन्हींतला फरक कळायला काही मार्गच नसतो. सहा महिन्यांत 'तिला कान नाही' म्हणून क्लास सुटतो.

चांगलं वाद्य माझ्यापेक्षा तिला जास्त हवं. हे मी पालकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं माझं दुकानाशी काही साटंलोटं आहे.

खरादी, तुमचा पोरगा आठवला वाचताना.

---

खरादी

तिसरीतार, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि पुन्हा उठून वाचला.

पोराचे सात जॉब गेले, त्यात अंडरसाइज होते ते गरम मोजल्यामुळे. ते त्याचं. टेपर आला तो बेडमुळे आणि टेलस्टॉकमुळे. ते मशीनचं. त्याने सगळे सात मशीनच्या खात्यात टाकले, आणि मी म्हण मारून सगळे सात त्याच्या. चुकलो दोघेही, पण मला वीस वर्षं झालीत या कामात. मामांनी जॉब उलटा का धरला? कारण मशीन कुठे वाकडं आहे हे त्यांना पोराहून नेमकं माहीत होतं. ते मशीनला दोष देत नव्हते असं नाही, दोष कुठे आहे तिथे काम करत नव्हते इतकंच.

मोजपट्टींच्या सात किलोमीटरवर अजूनही माझ्याकडे उत्तर नाही. मान्य.

---

गणितगोंधळ

उशिरा आलो. सगळे सायकल आणि विमानात रमले आणि मूळ लेखातली चूक कोणी पकडली नाही!

५ अंश ४४ मिनिटांचा साइन ०.१. म्हणजे कंपाऊंड ०.१ मिमी सरकली की टूल ०.०१ मिमी आत जातं, बरोबर. पण ते त्रिज्येत. जॉब फिरतोय, डायमीटर दोन्ही बाजूंनी कमी होणार, म्हणजे ०.०२. डायमीटर ०.०१ हवा असेल तर कोन २ अंश ५२ मिनिटं. मामा चुकले की तुम्ही?

---

खरादी

मी! मामा 'एका बाजूने' म्हणाले होते, मी लिहिताना डायमीटर केलं. सोळा मायक्रॉनच्या जागेत ही चूक म्हणजे जॉब गेलाच. संपादनाची मुदत संपलीय, त्यामुळे लेखात तशीच राहणार. वाचणाऱ्यांनी गणितगोंधळ यांचा प्रतिसाद प्रमाण मानावा.

---

पायपीट

म्हणजे हात नाही, सिस्टीमच चुकली. संकेतस्थळाने मुदत वाढवावी.

---

खरादी

:) शेवटचं एक कळवतो, दोन आठवडे झाले म्हणून.

पोराला बोलावून सॉरी म्हटलं. तो नुसता हसला. पुढच्या लॉटमध्ये बारात एक गेला, तोही ग्राइंडरवर टूल जळालं म्हणून, आणि ते त्याने स्वतःच येऊन सांगितलं. मशीनच्या बाजूला बादलीत जॉब लटकवायची तारेची जाळी केलीय. फिनिश कटच्या आधी जॉब तिथे गार होतो, मोजला जातो, मग परत सेंटरवर.

काल तो एक कागद घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी येऊन बसला होता म्हणे. टेस्ट बार लावून, कॅरेजवर डायल धरून, चकापासून दर १०० मिमीला रीडिंग. पेन्सिलने आलेख काढलेला. चकापासून ३०० पर्यंत रेघ खाली जाते, ४०० ला वर येते, पुढे सरळ. जिथे सगळ्यात खोल आहे तिथे गोल करून लिहिलंय, 'इथे काम करू नये'. आणि खाली, 'बेड ग्राइंड करावा लागेल'.

महिन्यापूर्वी हेच बोलला होता. या वेळी मी वाद घातला नाही, कागद ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात लेथ खोलायचा विचार आहे. बेड ग्राइंडिंगची सोय झालीय, पण सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) हाताने स्क्रॅप करून, म्हणजे बारीक खरवडून, बसवणारं माणूस हवंय. मामांची नजर आता तेवढी साथ देत नाही, पण शेजारी बसून सांगायला तयार आहेत. कोणाच्या माहितीत जुना फिटर असेल तर व्यनि करा.

---

गणितगोंधळ

व्यनि केलाय. माझे काका. स्क्रॅपर स्वतःचा आणतील, दुसऱ्याचा हातात धरत नाहीत.